क्वाड बाईकचा टीपीएस: आधी मोजा, मग स्क्रूला हात लावा

दादा, पन्हाळ्याकडच्या शेतावरची तुमची फ्युएल इंजेक्शनची क्वाड आयडलिंगला वरखाली होते, अंगठ्यानं एक्सलेटर जरा दाबला की झटका मारते, आणि मेकॅनिक म्हणतोय टीपीएस बदला. बदला म्हणायला त्याचं काय जातंय! आधी मल्टिमीटर काढा.

टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर: थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, किती उघडी आहे ते सांगणारा. रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरता रेझिस्टर, थ्रॉटलच्या दांडीवर बसवलेला. वायरी तीन: एकीवर ईसीयूकडून (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडून) येणारे ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो, पूर्ण उघडल्यावर ४ च्या पुढेमागे. नेमका आकडा मात्र तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. व्हिडिओत बघून दुसऱ्या गाडीचा आकडा लावला तर गाडी आणखी बिघडेल.

बॅटरी चार्ज आहे ना, केबलला थोडा प्ले (ढिलेपणा) आहे ना, बटरफ्लायवर (थ्रॉटलच्या आतल्या फिरत्या चकतीवर) काजळी नाही ना, हे आधी बघा. काजळीनं बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही आणि खापर फुटतं सेन्सरवर. मग सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून आत बघा. आपल्याकडं पावसाळाभर तांबडा चिखल, त्यात वॉशिंगवाला प्रेशरचा पाईप थेट इंजिनवर धरतो. पिना हिरव्या पडल्या असतील तर निम्मा आजार तिथंच.

आता कपलर परत जोडा, चावी ऑन, इंजिन बंद. कपलरच्या मागच्या बाजूनं सिग्नलच्या वायरीलगत बारीक पिन घाला, तिला मीटर लावा आणि अंगठा अगदी सावकाश दाबत जा. काट्याचा जुना मीटर मिळाला तर उत्तम. क्षणभराची उडी डिजिटलवर सुटते, काट्यावर डोळ्याला दिसते. काटा सरळ चढत गेला पाहिजे. बहुतेक वेळा तो सुरुवातीलाच, बंदच्या जरा पुढं, अडखळतो, कारण दिवसभर अंगठा तिथंच असतो आणि आतला पट्टा तिथंच झिजतो. असा सेन्सर सेट करण्यात अर्थ नाही, तो बदलायचाच.

काटा सरळ चढतोय पण बंदचा आकडा चुकतोय, तेव्हाच कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा जुळवणं. सेन्सरच्या स्क्रूंची भोकं लांबट असतील तरच तो फिरवता येतो. गोल असतील तर सेटिंग ईसीयूला जोडायच्या स्कॅनरवरून. लांबट असतील तर स्क्रू जेमतेम सैल करा, सेन्सर केसभर फिरवा, आकडा जुळला की आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळतानाच आकडा सरकतो. काही मॉडेलमध्ये आयडल स्टॉप स्क्रू मागं घेऊन बटरफ्लाय पूर्ण मिटवून मोजायचं असतं, मग स्टॉप परत लावून दुसरा आकडा जुळवायचा. कंपनीनं पेंट लावून सील केलेल्या स्क्रूला मात्र हात लावू नका.

आयडलिंग स्क्रूनं उगाच वाढवून वेळ मारून नेऊ नका. सीव्हीटीची (स्कूटरसारखी बेल्टवर चालणारी) गाडी असेल तर आरपीएम चढला की बेल्ट पकडतो आणि गिअर टाकल्यावर गाडी आपोआप पुढं सरकते. बांधावर हे लय महागात पडतं. म्हणून टेस्टिंग चाकं उचलूनच करा.

मधे टोक असलेला टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचा) स्क्रू निघाला तर पान्यानं खराब करत बसू नका, त्याची बिट कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारा. बंद थ्रॉटलचा, पूर्ण उघड्याचा आणि ५ व्होल्टच्या वायरीचा, असे तीन आकडे मॉडेल आणि सालासकट सांगा. सेन्सर घ्यायचा की नाही ते मग ठरवू.