घाटाची वाट तारेनं बंद केली, डोंग्यापर्यंत जायचं कसं?

प्रश्न : आमचं गाव वैनगंगेच्या काठावर. डोंगा लागतो तो घाट एका खाजगी शेताच्या टोकाला आहे, आजोबांच्या काळापासून सगळे त्याच धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, खाली उतरतात. जुन्या मालकानं कधी अडवलं नाही. आता शेत विकलं गेलं आणि नवीन मालकानं काटेरी तार लावून बोर्ड ठोकला, डोंगा बंद पडला. पलीकडे आमच्या बऱ्याच जणांची शेतं आहेत, पोरांची शाळा पण तिकडेच, पुलावरून जायचं तर लांबचा फेरा पडतो. ग्रामपंचायत म्हणते ठराव घेऊ, काही पोरं म्हणतात रात्री तार कापून टाकू. नेमकं काय करावं?
– नदीकाठचा एक वाचक

उत्तर : तार कापू नका, हे आधी. कापली की तक्रार त्यांची, आरोपी तुमची पोरं, आणि वाटेचा विषय बाजूलाच राहतो. ठराव जरूर घ्या, पण नुसत्या ठरावानं खाजगी शेतातून हक्क तयार होत नाही.

नदीचं पात्र महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे साधारणपणे सरकारचंच असतं, त्यामुळे भांडण पाण्याचं नाहीये, धुऱ्यावरच्या वाटेचं आहे. आणि तिथे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, तुम्ही हक्कानं जात होता की परवानगीनं. सुविधाधिकार कायदा 1882 चं कलम 15 सांगतं की 20 वर्षं उघडपणे, शांततेत, खंड न पडता, हक्क म्हणून वाट वापरली तर वहिवाटीचा हक्क मिळतो. कलम 18 रूढीचं आहे, गावाची पूर्वापार रूढी सिद्ध झाली तर त्याचाही आधार घेता येतो. पण "जुने मालक बिचारे जाऊ देत होते" असं कोणी जबाबात बोलून गेलं की ती मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. खरंच कोणी कधी विचारलं नसेल तर तेच स्पष्ट सांगा, की विचारायची वेळच आली नाही, वाट गावाचीच होती.

पुरावा आत्ताच गोळा करा, कारण जुने नावाडी आणि म्हातारी माणसं किती दिवस पुरणार. तहसीलमधून वाजिब-उल-अर्जची नक्कल काढा, गावातले रस्ते, वहिवाटी, मासेमारीचे हक्क त्यात नोंदलेले असतात, विदर्भात हा कागद बऱ्याचदा निर्णायक ठरतो. गाव नकाशात पायवाट तुटक रेषेनं दाखवलेली असते, ती बघा. आणि त्या शेताची जुनी खरेदीखतं शोधा, चतुःसीमेत, म्हणजे शेताच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात, "अमुक दिशेस घाटाची वाट" एवढं जरी लिहिलेलं सापडलं तरी मोठं काम झालं.

पलीकडे ज्यांची शेतं आहेत त्यांनी मामलेदार न्यायालय कायदा 1906 खाली तहसीलदारांकडे दावा लावावा, मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत, ही मुदत बरेच जण अर्ज-विनंत्यांमध्येच घालवून बसतात. महसूल संहितेच्या कलम 143 च्या मागे लागू नका, ते स्वतःच्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागण्यासाठी आहे, घाटासाठी नाही. सगळ्या गावाची वाट म्हणून लढायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 खाली दोन गावकरीसुद्धा कोर्टाच्या परवानगीनं दावा करू शकतात.

मालकाशी पण बोलाच. पीक तुडवलं जातं, गुरं घुसतात, बाइक आत नेतात, ही मालकाची तक्रार खरी असू शकते आणि ती मान्य करायला लाज वाटायला नको. ठरलेल्या रुंदीची वाट, दोन्ही बाजूंनी कुंपण, गुरांना बंदी, यावर बऱ्याचदा जमतं. जमलं तर दस्त रजिस्टर करून घ्या. आणि त्यात "परवानगी दिली" असा शब्द असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण उद्या तोच शब्द दाखवून वाट परत बंद होऊ शकते.