लिफ्ट केलेल्या हायलक्सला कोणते टायर?

प्रश्न : माझ्या टोयोटा हायलक्सला (पिकअप ट्रक) २ इंची लिफ्ट आहे, म्हणजे गाडी तेवढी उंच केली आहे. मूळ टायर २६५/६५ आर१७ (रुंदी मिमीमध्ये / उंची रुंदीच्या किती टक्के / रिम किती इंची). आता २८५/७० आर१७ बसतील का? रिमही बदलावे का?

उत्तर : बसतील, पण घासतील. मूळ टायरचा व्यास ७७६ मिमी, तुम्ही म्हणता त्याचा ८३१. लिफ्टमुळे गाडी उंच होते, मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक खड्ड्यातून वर दबलं की टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला मागच्या बाजूने लागतोच. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा वेग १०७ च्या आसपास असेल, आणि गाडी वेग हळू पकडेल.

आमच्या मते २६५/७० आर१७ घ्या. व्यास ८०३ मिमी, फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. स्टेपनीही त्याच मापाची हवी आणि ती खालच्या जागेत मावते का, आधी बघा.

रिम राहू द्या. कमी ऑफसेटचे (बोल्ट बसतात ती बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर, ते अंतर कमी असलेले) रिम दिसायला झकास, पण चाक बाहेर सरकतं, घासणं वाढतं आणि बेअरिंगवर ताण येतो. बदलायचेच तर सहा बोल्ट, १३९.७ पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये).

लिफ्टनंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट जुळवणं) केलंय ना? नसेल तर नवे टायर एका कडेने झिजतील. आणि हो, लिफ्टबद्दल आरटीओ व विमा कंपनीला विचारून ठेवा.