भाजीवाल्या मावशींना वर्गात बोलाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, रागही आला. आठवीच्या पोरांना तू चक्रवाढ व्याजाच्या स्लाइड दाखवल्यास. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ताई, घरात उरतच नाही, तर साठवायचं काय?" आणि तेवढ्यावरून तू हे काम सोडायला निघालीस? अगं, तो पोरगा तुला नेमकं कुठून सुरुवात करायची ते सांगत होता!

उरत नसेल, पण पैसा घरात येतो आणि जातो. कुठे जातो, ते शिकव. त्यासाठी खरा हिशेब हवा. जो राबतो त्याचा, त्याच्याच तोंडून.

मी शाळेत भाजीवाल्या मावशींना बोलावलं होतं. १२०० चा माल घेतला, १६५० ला विकला, त्या म्हणाल्या. पोरं ओरडली, "४५० फायदा!"
"आणि टेम्पोचे १२० कोण देणार? हमालीचे ३०? पहाटे चारपासून मी उभी, माझी मजुरी कुठं धरली?"
उरलेल्या ३०० मधले ५० रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मीवाल्याला. संध्याकाळी मेथीची जुडी पाच रुपयांना का सोडली, यावर तर पोरं तास संपेपर्यंत भांडली.

बचत गटातल्या एखाद्या ताईंनाही आण. कर्जावर शेकडा दोन व्याज म्हणजे महिन्याला शंभराला दोन, वर्षाचे २४ टक्के. सावकाराचे शेकडा पाच म्हणजे ६०. हे आठवीत कळायलाच हवं. पण खरा हिशेब हवा, गटाची वही समोर उघडून.

माझ्यावेळी पालकांनी तक्रार केली, "पोरांना भाजी विकायला लावणार का?" तास बंद पडले. एक तुकडी त्याविनाच दहावी झाली, ही खंत आहे. पण मावशींऐवजी साहेब आणा म्हणाले, ते मी ऐकलं नाही. बरोबरच केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' याच मातीत रुजवलं ना? आता तर २०२० च्या शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभारांकडून शिकायला सांगितलंय. मग तू कशाला बिचकतेस?

एक मात्र सांभाळ. मुलांच्या घरचा हिशेब वर्गात कधीही मागायचा नाही. पाहुण्याने स्वतःचा सांगावा. पोरं आपला घरी जाऊन मांडतील.

तुमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांना विचार. सीएनजी, कर्जाचा हप्ता, विमा, सगळं कागदावर लिहून आणायला सांग. गोल आकडे नकोत, खरा हिशेब. आणि येत्या शनिवारी कोण येतंय, ते मला कळव.

तुझ्या बाई