मुलगा १४ चा आहे, कॅनडाचा पीआर (कायम राहायचा परवाना) आलाय. लहानपणी परदेशात गेलं की मुलं कणखर होतात म्हणतात, खरं का? आत्ता बडोदा सोडावं का दहावीनंतर?

"मुलांचं काय, पटकन रुळतात" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांना आधी विचारा, ते स्वतः कितव्या वर्षी गेले होते.

मी १४ चीच होते. जानेवारी २००९, बडोद्याच्या दांडिया बाजारातून थेट टोरंटोचं स्कार्बरो. भाषेचं काही वाटलं नाही, आपल्याकडे घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्लिश चालूच असतं, शिवाय पुण्याची आत्या आम्हाला गुजराती म्हणते नि बडोद्यातले शेजारी मराठी, त्यामुळे कुठलंच धड नसण्याची सवय होती.

फेब्रुवारीत बाबा बसस्टॉपवर बर्फावरून घसरले, मनगट मोडलं. तेव्हा ऑन्टॅरियोत (टोरंटो ज्या प्रांतात आहे तो) नवीन आलेल्यांना पहिले ३ महिने ओहिप म्हणजे सरकारी हेल्थ कव्हर मिळायचं नाही (२०२० पासून ती अट नाही), आणि तेवढ्यापुरता प्रायव्हेट इन्शुरन्स काढा हे आमच्या एजंटने सांगितलंच नव्हतं. बाबांचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं हो, ऑफिसात सगळ्यांची पत्रं तेच लिहून द्यायचे. पण हॉस्पिटलच्या काउंटरवरची बाई दोनदा "सॉरी?" म्हणाली आणि ते जे गप्प झाले ते झालेच. मग मी बोलले. नाव, जन्मतारीख, कुठली औषधं चालत नाहीत, आणि शेवटी बिल एकदम जमणार नाही, हप्ते करून द्या. हप्ते हा शब्द इंग्लिशमध्ये पटकन सुचेना म्हणून "थोडं थोडं दर महिन्याला" असं सांगितलं. येताना बसमध्ये बाबा पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतर बँक, घरमालक, फोन कंपनी, सगळे फोन माझ्याकडे.

आता ते रिटायर होऊन बडोद्यात परतलेत. कोणी आलं की सेवउसळ खाता खाता सांगतात, पोरगी कणखर झाली, मी नेलं म्हणून. हप्त्यांचं कधी निघत नाही. बाबा, कॅनडाने नाही, तुम्ही गप्प बसलात म्हणून झाले. आणि कणखर म्हणजे काय, घरात कुणासमोर रडणं बंद झालं, एवढंच.

तुमचं म्हणाल तर न्यायचंच तर आत्ता न्या, सप्टेंबरात ग्रेड ९ ला बसेल असं. ऑन्टॅरियोत शाळा संपल्याच्या डिप्लोमाला (आपल्या बारावीसारखा) ३० क्रेडिट, म्हणजे पास केलेले विषय, लागतात, वर ४० तास समाजसेवा, दहावीनंतर नेलं तर धावपळ होते. आणि काउंटरवर स्वतः बोला, चुकलं तरी.

बाकी माझा भाऊ तेव्हा ६ वर्षांचा होता, त्याला यातलं काही आठवत नाही, मस्त रुळला. तेव्हा माझंच धरून बसू नका. बर्फाचे बूट मात्र तिकडे जाऊन घ्या, बाबांचे इथूनच घेतलेले होते.