घरफोडी झाली, आता पहिली बंदूक कुठली घेऊ?

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळ फ्रिस्को-प्लेनो भागात आपली मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि माझ्याकडे एक प्रश्न सारखा येतो, की आमच्याकडे किंवा शेजारी घरफोडी झाली, तर आता घरात बंदूक ठेवावी का आणि ठेवायची तर कुठली. त्यातली एक केस सांगते, त्या कुटुंबाला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

दिवाळीच्या पार्टीला सगळे गेलेले असताना मागचं काचेचं सरकतं दार फोडून चोर आत शिरले आणि बेडरूमच्या कपाटातलं सोनं घेऊन गेले, त्यात बायकोच्या आजीच्या पाटल्या होत्या. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे हेरून चोऱ्या करणाऱ्या टोळ्या अमेरिकेत पकडल्या गेल्यात, त्यामुळे नवऱ्याची भीती उगाच होती असं मी अजिबात म्हणणार नाही. तो रात्रीत चार-चारदा उठून दारं तपासायचा. ऑफिसातला एक म्हणाला नाइन एमएमचं ग्लॉक पिस्तूल घे, दुसरा म्हणाला घरासाठी शॉटगनच बेस्ट, तिसऱ्याने एआर-१५ रायफल सुचवली, आणि हा फोनवर सगळ्यांची किंमत, वजन, मॅगझिनमध्ये गोळ्या किती असं सगळं जमवून आला. "ताई, यातली कुठली घेऊ तेवढं सांगा."

मी विचारलं, तुमच्या घरात रात्री तीनला जागं कोण असतं? तो काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "बाबा." तिचे सासरे नागपूरहून नुकतेच आलेले, जेटलॅगमुळे तीनला उठायचे आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून लाइट न लावताच चहा ठेवायचे. म्हणजे ज्या खुडबुडीला दचकून हा बंदूक घेऊन उठणार, ती बहुतेक रात्री घरातल्याच माणसाची असणार. मग त्याला कागदावर वरच्या मजल्याचा नकाशा काढायला लावला, तू कुठे उभा राहशील, नेम कुठे धरशील. जिन्याच्या तोंडाकडे रेघ ओढली आणि पेन तिथेच थांबलं, कारण पलीकडे मुलाची खोली. इथल्या घरांच्या आतल्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ पाट्यांच्या असतात, पिस्तुलाची गोळी काय किंवा शॉटगनचे मोठे छर्रे काय, आरपार जातात.

कायद्याचंही थोडं बोललो. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून तो दुकानातून रीतसर घेऊ शकत होता, ४४७३ नंबरचा फॉर्म आणि एफबीआयची बॅकग्राउंड चेक, बस. पण एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, आणि हे आपल्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईवडिलांचंही तेच, म्हणून बंदुकीच्या तिजोरीचा कोड त्यांना देऊन ठेवू हा त्याचा विचार तिथेच बाद झाला. शिवाय टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या निष्काळजीपणाने भरलेली बंदूक लागली तर तो गुन्हा आहे.

खरी गोष्ट बायको एकटी भेटली तेव्हा कळली. मुलगा १५ वर्षांचा, गेले काही महिने जेवायला खाली येत नाही, क्रिकेट सोडलं, आणि एकदा म्हणून गेला की मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. तिने ते वयाचं आहे म्हणून सोडून दिलं होतं, नवऱ्याला तर सांगितलंही नव्हतं. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली, त्यातल्या जवळजवळ २७ हजार आत्महत्या होत्या. जीव द्यायला औषधांच्या गोळ्या घेतलेली बहुतेक मुलं वाचतात हो, त्या वेळी बंदूक वापरली तर दहातली नऊ वाचत नाहीत. म्हणून मी मॉडेलच्या आधी हे विचारते, की घरातल्या माणसाच्या सगळ्यात वाईट रात्री ही वस्तू त्याच्या हाताला लागेल का. तिच्या परवानगीने नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं, तो बराच वेळ रडला, चोरीनंतर पहिल्यांदाच असं ती म्हणाली.

त्या दोघांनी ठरवलं की मुलगा सावरेपर्यंत बंदूक घरात आणायची नाही. मुलाला मी किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं. सरकत्या दाराला खाली आडवा बार आणि काचेला सिक्युरिटी फिल्म बसली, मागे सेन्सरचा लाइट, उरलंसुरलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. नवऱ्याच्या झोपेवर आम्ही वेगळं काम केलं, दारं रात्री एकदाच तपासायची, तीही बायकोसोबत, आणि मग उठायचं नाही. पहिले काही आठवडे त्याला फार जड गेलं.

नवऱ्याने शूटिंग रेंजवर बेसिक क्लास मात्र केला, भाड्याच्या बंदुका चालवून बघितल्या, शॉटगनचा धक्का बायकोला झेपत नाही हे तिथेच कळलं. पुढे कधी घेतलीच तर नाइन एमएम, तेही भिंतीला बोल्ट केलेल्या छोट्या लॉकबॉक्समध्ये, कोड फक्त दोघांकडे, आणि घरात कुणाचंही मन ठीक नसेल तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर जाईल असं दोघांनी लिहून ठेवलंय. तुमच्या घरी आधीच असेल आणि कुणाची काळजी वाटत असेल तर आजच ती घरातून हलवा, आणि अमेरिकेत असाल तर ९८८ या आत्महत्या-संकट हेल्पलाइनवर फोन करा, ती लाइन रात्रंदिवस चालू असते आणि दुसऱ्या कुणासाठी फोन केला तरी ते बोलतात.