बोट वेगात निघाली की डेप्थ फाइंडरचा आकडा गायब होतो, काय करावं?

उभ्या बोटीवर खोली नीट दिसते आणि वेग घेतल्यावरच आकडा लुकलुकतो, म्हणजे यंत्र बहुतेक ठीक आहे. दोष ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे पाण्यात ध्वनिलहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाच्या, जागेत असावा. ध्वनिलहर पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावते, पण वेगात तळाखाली उठणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांपाशी अडते. ट्रान्सड्यूसरचा तळ बोटीच्या तळापेक्षा किंचित खाली हवा, प्रोपेलर आणि रिव्हेटच्या रांगेपासून दूर. आधी ट्रान्सड्यूसरच्या तळावरून हाताचं बोट फिरवून बघा. शेवाळाचा बुळबुळीत थर लागला तर मऊ कापडाने पुसा, सुरीने अजिबात खरवडू नका. तरीही आकडा जातोय? इंजिन चालू ठेवून यंत्राच्या प्लगपाशीच व्होल्टेज मोजा. हिरवट गंजलेली पिन मी कित्येकदा पाहिली आहे.