वस्तीत कुणी उपाशी राहू नये म्हणून पाच-सहा जणांनी मिळून सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बिबवेवाडीत नुकतेच राहायला आलात, सोसायटीमागच्या वस्तीत महिनाअखेरीला काही घरांत खाण्याची ओढाताण होते, आणि तुम्हा पाच-सहा जणांना कायम टिकेल असं काही उभं करायचंय. धान्य गोळा करावं, स्वयंपाकघर काढावं की थेट शेतकऱ्यांशी जोडून घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी याच भागात अठरा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. 2020 च्या टाळेबंदीत गल्लीतल्या गणेश मंडळाबरोबर खिचडी रांधायला लागले आणि त्यातून जे काही उरलं ते अजून चालू आहे. माझं सरळ उत्तर: या तिन्हींच्या आधी घरोघर जाऊन रेशनकार्डं बघा.

ऐकायला रुक्ष वाटतं, मलाही वाटलं होतं. पण हिशेब करा. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य महिन्याला मिळतं, अंत्योदयवाल्या, म्हणजे सगळ्यांत गरीब धरलेल्या, घराला एकूण 35 किलो. पूर्वी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून तेही फुकट आहे. आता चाळीस घरं धरा, घरटी चार माणसं. 160 माणसांचं महिन्याला 800 किलो धान्य झालं. दुकानातून 40 रुपये किलोनं घ्यायचं तर 32 हजार रुपये, दर महिन्याला. तुमची सोसायटी पहिल्या महिन्यात हौसेनं देईल, दुसऱ्या महिन्यात निम्मे देतील, आणि तिसऱ्या महिन्यात तुम्ही जिन्यात दिसलात की लोक फोन कानाला लावतील. तेच धान्य त्या चाळीस घरांच्या हक्काचं असताना त्यांच्यापर्यंत का पोचत नाही, हे शोधायला एक वही आणि चार रविवार लागतात.

आम्ही वही केली तेव्हा कारणं फार साधी निघाली. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं, पण सासरच्या कार्डावर चढलेलं नाही. मूल पाच वर्षांचं झालं तरी कार्डावर नाही. कुणाचं कार्ड बीडला, कुणाचं लातूरला, आणि इथे धान्य मिळतच नाही अशी समजूत. मिळतं. कार्ड अन्नसुरक्षेतलं असेल तर अंगठा लावून देशात कुठल्याही रेशन दुकानातून उचलता येतं, आणि गावाकडे सासू-सासऱ्यांनी त्यांचा वाटा घेतला तरी इथे नवरा-बायकोला आपला घेता येतो. एक बाई तर सहा वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी गावी जाऊन धान्याची गोणी एसटीत घालून आणत होती.

ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांची अडचण बहुतेक वेळा भाडेकराराची असते. घरमालक करार करून देत नाही, मग पत्त्याचा पुरावा नाही. शहरात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59 हजार आहे. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत. दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा कागदावर त्याच्या वर जाते. केशरी कार्ड आहे पण धान्य नाही, अशी घरं तुम्हाला भरपूर भेटतील. त्यांच्यासाठी पुढचं सगळं करायचं आहे, आणि म्हणूनच ती नेमकी किती हे आधी कळायला हवं.

अंगठ्याचंही एक आहे. भांडी घासून आणि सिमेंट कालवून बोटांचे ठसे झिजतात, मशीन ओळखत नाही, दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात या. डोळ्यांच्या स्कॅनरची सोय आता आली आहे, ती मागायची. ई-केवायसी घरातल्या प्रत्येकाची व्हावी लागते, एकट्या कर्त्याची होऊन भागत नाही. दाद लागली नाही तर 1967 या नंबरवर तक्रार करता येते, आणि कायद्यात दुकानाच्या पातळीवर दक्षता समितीही सांगितलेली आहे. आमच्याकडच्या एका दुकानात ‘कोटा संपला’ हे वाक्य महिन्याच्या दहा तारखेलाच ऐकू यायचं. आम्ही भांडलो नाही. चार बायका वही घेऊन रोज दुकानासमोर बसायला लागल्या, कुणाला काय मिळालं ते लिहून घ्यायला. कोटा पुरायला लागला. (तो दुकानदार आता माझ्याकडूनच डबा नेतो. आणि मीठ कमी आहे म्हणतो.)

आता स्वयंपाकघराचं. मंडळाकडे मोठी पातेली, शेगड्या, टेम्पो आणि रात्री दोनला हाक मारली तरी येणारी पोरं असतात. पुण्यात याहून तयार जाळं दुसरं कुठलं नाही, नवं उभारायच्या भानगडीत पडू नका. फक्त फ्लेक्सचं आधीच बोलून घ्या. आमच्या मंडळाला वाटपाच्या जागी कुणा भाऊंच्या फोटोचा फ्लेक्स लावायचा होता. मी म्हटलं, फ्लेक्स लावा, पण मग भाऊंनाच ढवळायला बसवा. विषय संपला. घेणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवा. पोरांची शाळा त्याच वस्तीत असते आणि शाळेत चिडवतात.

शंभर माणसांच्या खिचडीला साधारण 8 किलो तांदूळ आणि 2 ते अडीच किलो मूगडाळ लागते. टाळेबंदीच्या एप्रिलमधली माझी एक चूक सांगते. खिचडी गरमागरम डब्यांत भरली, झाकणं घट्ट लावली, आणि टेम्पो नाकाबंदीत अडकल्यामुळे दोन तास उशिरा पोचली. झाकण उघडलं तर आंबूस वास. साठ माणसांचं जेवण ओतून दिलं. समोर रांग उभी होती. तेव्हापासून आम्ही उन्हाळ्यात शिजवलेलं अन्न लांब नेत नाही, जिथे खायचं त्याच्या जवळ शिजवतो. लग्नातलं उरलेलं अन्नही मी सहसा घेत नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी केंद्राचे 2019 चे नियम आहेत, ते पाळून काम करणारे गट शहरात आहेत, त्यांना कळवा. पण रात्री साडेअकराला कार्यालयातून फोन येतो, पनीर दुपारी कधी शिजलं ते कुणी सांगत नाही, आणि नको म्हटलं की आपणच माजलेले ठरतो.

रोजचं फुकट स्वयंपाकघर चालवावं असं मला वाटत नाही. ते संकटापुरतं. एरवी लोकांना पैसे देऊन खायला आवडतं, पैसे परवडणारे असले म्हणजे झालं. पुण्यात याचं उदाहरण पन्नास वर्षं डोळ्यांसमोर आहे: बाबा आढावांच्या हमाल पंचायतीची, म्हणजे हमालांच्या संघटनेची, ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची केंद्रं. सत्तरच्या दशकात सुरू झाली, ना नफा ना तोटा तत्त्वावर, खाणारा पैसे मोजून खातो आणि ताठ मानेनं बाहेर पडतो. एकदा तिथे जेवून या, मग तुमच्या गटाची बैठक घ्या.

रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ, तेल, भाजी विकतच. इथे बायकांची भिशी कामाला आली. बारा जणी, प्रत्येकी 300 रुपये, झाले 3600. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून तूरडाळीचा 30 किलोचा कट्टा आणला, तेव्हा किलोला 120 पडली. प्रत्येकीला अडीच किलो. गल्लीतल्या दुकानात त्याच पैशात दोन किलोच्या आसपास येत होती, तीही पावशेर-पावशेर करून. पुढच्या महिन्यात तेलाचे डबे. पैसे ठेवणारी एक, वजन करणारी दुसरी. दोन्ही कामं एकीकडे दिली की तीन महिन्यांत भांडण होतं, आमच्याकडे झालं.

भाजीचं जरा नाजूक आहे. टाळेबंदीत एप्रिलमध्ये मार्केट यार्डातला भाजीबाजार बंद झाला आणि शेतकऱ्यांच्या गाड्या थेट सोसायट्यांच्या दारात आल्या, तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की आता हेच चालणार. बाजार उघडल्यावर गिऱ्हाईक पुन्हा कोपऱ्यावरच्या गाडीवर गेलं. फळं-भाजीपाला 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्यामुळे शेतकरी शहरात थेट विकू शकतो, ठिकठिकाणी शेतकरी आठवडे बाजार भरतात. आम्ही अशाच एका बाजारात पुरंदरच्या दोन शेतकऱ्यांशी बोलून ठेवलंय. बाजार उठताना जे क्रेट उरतील ते ठरलेल्या भावात आम्ही उचलतो. फुकट मागत नाही. परत न्यायचा टेम्पोचा खर्च त्यांचा वाचतो, आम्हाला भाव निम्म्यानं पडतो. पावसाळ्यात वाटाणा, मग पालेभाज्या, कधी नुसतंच वांगं एके वांगं. सोसायटीनं टोमॅटो-काकडीचा हट्ट धरला तर हे चालत नाही, वस्तीतल्या बायका मात्र जे येईल त्याचं कालवण करतात.

वही करताना एका माणसाला विचारायला विसरू नका: अंगणवाडीताई. कुणाच्या मुलाचं वजन दोन महिने वाढलं नाही हे तिच्या रजिस्टरमध्ये असतं. कुठल्या घरात खाण्याची ओढ आहे हे सर्वेक्षणात कुणी कबूल करत नाही, पण पोराचं वजन खोटं बोलत नाही.

आणि वस्तीपुरतं बघू नका. आमच्या यादीत जो सुटला तो माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता. एमपीएससी करणारा, जालन्याचा. मेसचे पैसे वाचवायला रात्री बिस्किटं खाऊन झोपायचा. मला कळलं ते कचऱ्यात रोज तोच पुडा दिसायला लागला म्हणून. त्याला फुकट जेव म्हटलं तर तो आलाच नसता. म्हटलं, माझ्या बायकांचे रेशनचे ऑनलाइन अर्ज भरून दे, मला ते जमत नाही, रात्रीचं जेवण माझ्याकडे. दोन वर्षांत त्यानं सत्तरच्या वर अर्ज भरले. पूर्वपरीक्षा दोनदा गेली, तिसऱ्यांदा पास झाला, आता मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे आणि अजून अर्ज भरतोय.

तुमच्या पाच-सहा जणांत कागदपत्रांना न कंटाळणारा एक जण असेल तर त्याला आधी पकडा. बाकी कामाला माणसं आपोआप मिळतात. वहीचे रकाने कसे आखलेत ते बघायचं असेल तर दुपारी तीननंतर या. सकाळी अकराच्या आत येऊ नका, तेव्हा पोळ्यांची घाई असते आणि मी कुणाशीच नीट बोलत नाही.